तांबडा-पिवळा, मरून-क्रीम आणि एक उपरणं: सीमाभागातल्या एका कॉलेजच्या रंगाचं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या एका जुन्या डिग्री कॉलेजला स्वायत्तता मिळाली, आणि मिळाल्याबरोबर बोर्ड ऑफ स्टडीज, परीक्षा विभाग, नवीन सिलॅबस असली सगळी कामं बाजूला राहिली आणि पहिली खडाजंगी झाली ती कशावर, तर ग्रॅज्युएशन डेला पोरांच्या गळ्यात कुठल्या रंगाचं कापड घालायचं यावर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, गरज पण नाही. निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड, घरात उर्दू किंवा कोंकणी बोलणारी पण आहेत, स्टाफरूममध्ये एकाच वाक्यात तीन भाषा चालतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी लायब्ररीकडून त्या कमिटीत होतो, जुने अंक माझ्याच ताब्यात असतात म्हणून मला घेतलं असणार.

आधी पेच काय होता ते सांगतो. कॉलेजच्या कॅलेंडरवर गेली कित्येक वर्षं छापून येतंय, ‘कॉलेजचे रंग: मरून व क्रीम’. ब्लेझर मरून, जर्सी मरून, गॅदरिंगचा बॅनर क्रीम. कोणी विचारलं नव्हतं का म्हणून. तर कमिटीची पहिली मीटिंग व्हायच्या आधीच एक माजी विद्यार्थी, वय ऐंशीच्या पुढं, घरातली ट्रंक आवरताना सापडलेला खेळाच्या टीमचा कापडी बिल्ला घेऊन ऑफिसात आले. बिल्ला तांबडा, त्यावर पिवळी पट्टी. आणि म्हणाले, "आमच्या वेळी कॉलेजचा रंग हाच होता की ओ."

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात काय एवढं असं वाटेल. इथं तसं नाही. तांबडा आणि पिवळा शेजारी शेजारी आले की बेळगावात त्याचा एकच अर्थ लागतो, कर्नाटकाचा झेंडा, हळदी-कुंकवाचा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या मिरवणुकीत सगळं शहर त्या दोन रंगांनी भरतं आणि त्याच दिवशी मराठी माणूस काळा दिन पाळतो, काळे झेंडे, दंडाला काळी फीत. भगवा दिसला की महाराष्ट्र एकीकरण समिती, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारी. म्हणजे साधा हातरुमाल घ्यायचा म्हटलं तरी इथं माणूस एकदा विचार करतो (थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही). त्यामुळं बिल्ला टेबलावर पडला आणि दोन्ही बाजूंना एकदम कंठ फुटला. एक गट म्हणाला, बघा, मूळ रंग तांबडा-पिवळाच होता, मधे कोणीतरी मुद्दाम बदलला, आता परत आणा. दुसरा गट म्हणाला, आमच्या आजोबांनी देणग्या देऊन काढलेलं कॉलेज, त्यात हा रंग कोण घालणार, बिल्लाच खोटा असणार. एका पोराने तर भगवा स्टोल सुचवला, नुसता आग लावायला.

मला काम दिलं, जुनं रेकॉर्ड काढा.

रेकॉर्डमध्ये काय निघालं

कॉलेजचे वार्षिक अंक इथल्या सगळ्या जुन्या कॉलेजांसारखेच, एका बाजूने मराठी विभाग, मग कन्नड, मग हिंदी, इंग्रजी. १९५६ ला राज्य पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात) गेलं, त्याच्या आसपासच्या काळातले हे अंक, कॉलेज तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेलं. (हे विद्यापीठ १९४९ चं, त्याच्या आधी या सगळ्या भागातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाकडं असायची, आणि २०१० पासून आपण राणी चन्नम्मा विद्यापीठात.) तर अशा एका अंकात जिमखान्याच्या अहवालात चार ओळी सापडल्या. कबड्डी आणि व्हॉलीबॉलच्या संघांसाठी तांबडं कापड आणि पिवळी फीत घेतली, खडेबाजारातल्या दुकानदाराने ठोक भावात दिली, ‘हेच आता कॉलेजचे रंग समजावेत’ असं संघाला वाटतं. झालं. एवढंच. ना कुंकू ना हळद, ना देव ना राज्य. ठराव नाही, मॅनेजमेंटची सही नाही.

अंकाचं साल १९६० च्या आधीचं. आणि कर्नाटकाचा तांबडा-पिवळा झेंडा मा. राममूर्तींनी तयार केला तो साठच्या दशकात. म्हणजे कॉलेजचा रंग झेंड्यावरून घेतलेला असणं शक्यच नाही, झेंडा नंतरचा आहे. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा पहिल्या गटाचा चेहरा थोडा पडला आणि दुसऱ्या गटाचा पण पडला, कारण बिल्ला खरा निघाला.

मग मरून कधी आला. त्याची पण तारीख कुठं नाही, पण जिमखान्याच्या खरेदी रजिस्टरात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी ‘मरून’ शब्द पहिल्यांदा दिसतो. तेव्हाचे जिमखान्याचे एक शिपाई मामा अजून गावातच असतात, त्यांना भेटलो. १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली, ते दिवस त्यांना चांगले आठवतात. म्हणाले, "पोरं मॅचला एस.टी.नं जायची. कोल्हापूरकडं गेली तरी जर्सी बघून कोणतरी बोलायचं, आणि गल्लीतून जाताना इथंपण बोलायचं. सरांनी एक दिवस सांगितलं, मरून शिवा, तांबड्याजवळचाच हाय, कोण काय म्हणणार नाही. पांढरं मळतंय म्हणून क्रीम." म्हणजे हा बदलही कोणी कट करून केला नव्हता, एका खेळाच्या सरांनी पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून टेलरला वेगळं कापड दिलं, आणि दोन-चार वर्षांनी कॅलेंडर छापताना क्लार्कने ब्लेझर बघून ते लिहून टाकलं.

कमिटीत काही जणांना हे पटेना. एवढ्या मोठ्या संस्थेचा रंग असा दुकानदाराच्या गठ्ठ्यावरून ठरतो होय? तर होय, आणि आपलंच नाही. केंब्रिजचा फिकट निळा जगभर माहीत आहे, तो कसा आला तर १८३६ ला ऑक्सफर्डबरोबर होड्यांची दुसरी शर्यत होती, ऑक्सफर्डचा गडद निळा ठरलेला, केंब्रिजच्या नावेला लावायला काहीच नव्हतं, तेव्हा ऐनवेळी कोणीतरी जवळच्या दुकानातून फिकट निळी रिबन आणून नावेच्या टोकाला बांधली असं सांगतात. पहिल्या शर्यतीत, १८२९ ला, त्यांची पोरं चक्क गुलाबी पट्टे बांधून उतरली होती. हार्वर्डचं तर अजून मजेशीर आहे. १८५८ ला बोस्टनच्या शर्यतीत आपली माणसं लांबून ओळखू यावीत म्हणून चार्ल्स एलियट आणि त्याच्या सोबत्यांनी डोक्याला बांधायला लाल रुमाल आणले, पुढं मधेच मॅजेंटा (जांभळट गुलाबी) शिरला, आणि १८७५ ला पोरांनी मतदान घेऊन क्रिमझन (गडद लाल) परत आणला, विद्यापीठाने अधिकृत ठराव केला तो थेट १९१० ला. एलियट तोवर चाळीस वर्षं तिथला अध्यक्ष राहून निवृत्त झालेला. आपल्या खडेबाजारच्या दुकानदाराला मग नावं ठेवायचं कारण नाही.

हूड कोणाचं, गाऊन कोणाचा

रंगाचा वाद चालू असताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती ती म्हणजे सगळे ‘हूडचा रंग’ म्हणत होते. हूड म्हणजे गाऊनवर पाठीमागं लोंबतं ते अस्तरवालं कापड. तर ते कॉलेजचं नसतंच आपल्याकडं.

थोडं मागं जाऊन सांगतो. गाऊन, हूड, टोपी हे सगळं युरोपातल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या विद्यापीठांतून आलेलं, तेव्हा विद्यार्थी आणि मास्तर दोघंही चर्चशी बांधलेले, आणि दगडी हॉलात थंडी मरणाची, म्हणून लांब झगा आणि डोक्यावर ओढायला टोपडं. १२२२ ला ऑक्सफर्डला धर्मसभा भरली तिथं आर्चबिशप स्टीफन लँग्टनने धर्मगुरूंनी समोरून बंद असलेला झगा घालावा असा नियम काढला. पुढं ते टोपडं डोक्यावर घ्यायची गरज राहिली नाही, ते पाठीवर उलटं पडून राहिलं आणि त्याचं नुसतं शोभेचं हूड झालं, आतलं अस्तर रंगीत करून कोण कुठला ते ओळखायला. चौकोनी टोपी पण पाद्र्यांच्याच टोपीवरून आली, गवंडी चुना घेतो त्या फळीसारखी दिसते म्हणून इंग्रजीत तेच नाव पडलं, मॉर्टरबोर्ड.

विलायतेत प्रत्येक विद्यापीठाची पद्धत वेगळी. अमेरिकेने मात्र ते एका साच्यात बसवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या कापडाच्या धंद्यातल्या घराण्यातला गार्डनर कोट्रेल लेनर्ड, त्याने १८८७ ला विल्यम्स कॉलेजच्या आपल्या वर्गासाठी गाऊन डिझाइन केले, आणि १८९५ ला कोलंबिया विद्यापीठात बसून बऱ्याच कॉलेजांनी मिळून नियमावली केली. हूडच्या कडेचं मखमल म्हणजे शाखा, कलेला पांढरा, विज्ञानाला सोनेरी पिवळा, कायद्याला जांभळा, वैद्यकाला हिरवा, तत्त्वज्ञानाला गडद निळा, आणि आतलं अस्तर म्हणजे पदवी देणाऱ्या संस्थेचे रंग. १९३२ ला ती नियमावली सुधारली पण मूळ सांगाडा तोच आहे. आता यातलं ‘पदवी देणाऱ्या’ हे महत्त्वाचं. तिथलं कॉलेज स्वतः पदवी देतं म्हणून त्याचे रंग अस्तरात येतात. आपल्याकडं १८५७ ला मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर निघाली, कॉलेजं शिकवणार आणि विद्यापीठ परीक्षा घेऊन पदवी देणार, तोच सांगाडा आजपर्यंत चालत आला. स्वायत्त कॉलेज झालं तरी पदवी विद्यापीठाचीच, त्यावर कॉलेजचं नाव छापतात एवढंच. म्हणून हूडवर आपला हक्क नाही. स्टेजवर बसलेल्या प्राचार्यांच्या अंगावरचं हूडसुद्धा कॉलेजचं नसतं, ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली त्याचं असतं, आणि आमच्याकडं पीएच.डी. झालेले लोक धारवाड, कोल्हापूर, गोवा, म्हैसूर असे चारी दिशांचे आहेत.

हे मांडल्यावर अर्धं भांडण आपोआप मिटलं, कारण अर्धं भांडण हूडवरच चाललेलं. कॉलेजच्या हातात फक्त एक गोष्ट उरली, गळ्यातला स्टोल म्हणा, उपरणं म्हणा.

मग विषय निघाला की गाऊन तरी हवा कशाला. कॉमर्सचे सर याला फार जोरात होते. २०१० ला भोपाळच्या एका दीक्षांत समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्टेजवरच गाऊन काढून टाकला होता, इंग्रजांच्या वसाहतीचा रानटी अवशेष म्हणून, तो किस्सा त्यांनी सांगितला. २०१५ ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दीक्षांतला हातमागाचे कपडे वापरा असं विद्यापीठांना कळवलं, २०१९ ला परत कळवलं. २०२४ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या संस्थांना सांगितलं की काळा झगा-टोपी सोडा आणि संस्था ज्या राज्यात आहे तिथल्या परंपरेवरून पोशाख ठरवा. हे वाचून दाखवल्यावर मीटिंगमध्ये जी शांतता झाली ती मला अजून आठवते आणि हसू येतं, कारण बेळगावात बसून ‘राज्यातली परंपरा’ म्हणजे कुठली हा प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात दावा चालू आहे, तो आमच्या कमिटीकडून सुटायचा नव्हता.

टोपीवर मात्र पाच मिनिटात निकाल लागला. चौकोनी टोपी नको म्हणलं तर डोक्यावर काय? इथं पाहुण्याचा सत्कार करायचा तर कर्नाटकी पद्धतीने म्हैसूर पेटा, आणि मराठी पद्धतीने कोल्हापुरी फेटा, दोन्ही समारंभ आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि दोन्हीकडं कोणीतरी नाराज होऊन घरी गेलेलं पण पाहिलंय. पुण्यात एकच भाषा, एकच राज्य असून २०१९ ला विद्यापीठाच्या दीक्षांतला पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून पोरांनी आंदोलन केलं. आपण कशाला त्यात पडा. डोकं मोकळं ठेवायचं ठरलं. माझ्या मते कमिटीचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

गाऊन काळाच राहिला, भाड्याचा. आणि इथं मला एक गंमत वाटली ती नोंदवून ठेवतो. काळ्या रंगावर कोणीच बोललं नाही. ज्या गावात काळी फीत बांधणं हे सरळ राजकीय विधान आहे, तिथं शेकडो पोरं पायापर्यंत काळी होऊन फोटो काढणार आणि कोणाच्या मनात शंका नाही, ना या बाजूच्या ना त्या बाजूच्या. कारण तो काळा गाऊन म्हणून येतो, झेंडा किंवा फीत म्हणून येत नाही. हे लक्षात आलं तेव्हाच मला वाटलं की आपला प्रश्न तांबड्या-पिवळ्याचा नाहीच, ते दोन रंग कसे मांडायचे त्याचा आहे.

वडगावच्या मागावर

बोलून काही निघेना म्हणून मी आणि कन्नड विभागाच्या मॅडम असे दोघं वडगाव-खासबागला गेलो. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा, गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, आणि इथं मुख्य माल साडी. मॅडमनी जाताना सहज सांगितलं, "सर, माझ्या आजीच्या इरकलीला तांबडा काठ, त्यात पिवळी नक्षी. तिला आजपर्यंत कोण विचारलं नाही तू कुठल्या पार्टीची म्हणून." माझ्या आजीचीपण तसलीच होती. इलकल, म्हणजे आपण इरकल म्हणतो ते, बागलकोट जिल्ह्यात, आपल्या शेजारी, आणि त्या साडीचा काठ चांगला चार ते सहा इंच रुंद, तांबडा किंवा मरून, त्यावर गेरवट पिवळ्या रंगात बारीक नक्षी, चिक्की, गोमी अशी त्या काठांची नावं. सीमेच्या दोन्ही बाजूच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नेसत आल्या. तेच दोन रंग की. आणि लक्षात घ्या, त्यात मरून पण बसतो.

तिथल्या मागवाल्या मामांना बिल्ला दाखवला, काय हवंय ते सांगितलं. त्यांनी बिल्ला उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "समान पट्टे काढला की झेंडा होतोय बघा. काठात घातला की लुगडं होतंय." दोन महिने कमिटी ज्यात अडकलेली ते या माणसाने चहा यायच्या आत सोडवलं.

तर ठरलं असं: अंग कोऱ्या क्रीम रंगाचं, म्हणजे कॅलेंडरातला क्रीम राहिला. काठ मरूनकडं झुकलेला तांबडा, म्हणजे जुना आणि नवा दोन्ही त्यात आले. आणि त्या काठावर पिवळ्याची बारीक नक्षी, कुठंही पिवळ्याची सलग पट्टी नाही. इलकलचा काठ जसाच्या तसा घेतला नाही, उपरण्याला सहा इंच काठ फार होतो, दोन इंचावर आणला, आणि उगाच इरकल म्हणून मिरवायचं पण नाही असं मॅडमनी बजावलं, त्या नावावर तिथल्या विणकरांचा जीआय (भौगोलिक मानांकनाचा) हक्क आहे.

बाकीच्या अडचणी कापडाच्या. इथले माग साडीच्या पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे. उपरण्याचा पन्हा त्याच्या निम्मा. म्हणजे एका पन्ह्यात दोन उपरणी शेजारी शेजारी विणायची आणि मधोमध कापायची, पण मग मधल्या बाजूला काठ कुठून येणार? मामांनी मधे पण दोन काठ जोडून घातले आणि त्यांच्यामधून कापून दुमडून शिलाई मारायची असं केलं, एका कडेला शिलाई दिसते, दुसऱ्या कडेला नाही, फोटोत कळत नाही. दुसरं म्हणजे यूजीसी म्हणतंय हातमाग, आणि वडगावात आता बहुतेक पॉवरलूम. हातमागावर एवढा माल वेळेत निघणं शक्य नव्हतं. कमिटीत एक जण म्हणाले, लिहा हातमाग म्हणून, कोण तपासायला येतंय. ते मी आणि मॅडमनी हाणून पाडलं. निमंत्रण पत्रिकेत ‘बेळगावच्या विणकरांनी विणलेलं’ एवढंच छापलं, ते खरं आहे. तिसरं, पहिला नमुना धुतल्यावर तांबडा सुटून सगळं अंग गुलाबी झालं. केंब्रिजवाल्यांचा जुना गुलाबी आठवला. मग सूत बदललं, पक्क्या रंगाचं घेतलं, भाव थोडा चढला, तो फरक माजी विद्यार्थ्यांनी भरला, ते बिल्लावाले आजोबा त्यात पहिले.

मॅनेजमेंटसमोर नमुना गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा होता. एका सदस्यांनी उपरणं हातात घेतलं, काठ अंगठ्याने चोळला आणि विचारलं, "किती दिवसात देतायत?" रंगावर प्रश्नच नाही. विद्यार्थी प्रतिनिधींमधला जो भगव्याचा आग्रह धरत होता त्याने मात्र शेवटपर्यंत ‘यात आपलं काय आहे’ असा हेका धरला, आणि दुसऱ्या बाजूचा एक जण ‘पिवळा फारच कमी दिसतोय’ म्हणून कुरकुरत राहिला. ठराव त्यांचा विरोध नोंदवूनच झाला. समारंभाच्या दिवशी दोघंही तेच उपरणं गळ्यात घालून गेटसमोर सेल्फी काढत होते, यावरून त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही, डिग्रीचा दिवस होता.

आता ठरावाबरोबर रजिस्टरला उपरण्याचा एक तुकडा पिन केलाय, काठासकट, आणि शेजारी सुताचा शेड नंबर, पन्हा, काठाची रुंदी आणि नक्षीचा आलेख. नुसतं ‘मरून’ किंवा ‘तांबडा’ लिहून ठेवलं की काय होतं ते आम्ही पाहिलं, दर टेलर आपापला मरून शिवतो. त्या जुन्या अंकातल्या चार ओळींची झेरॉक्सपण तिथंच चिकटवली आहे. दुसऱ्या कॉलेजांतून आम्हाला विचारणा आली की पहिल्यांदा हूडचं वर लिहिलंय तेच सांगतो, कारण बहुतेकांचं भांडण हूडवर अडकलेलं असतं आणि ते त्यांचं नसतं.

जर्सीचं अजून ठरलेलं नाही. जिमखान्याचे सर म्हणतात काठाची बारीक नक्षी पॉलिएस्टरवर छापली की धुऊन धुऊन पुसली जाते आणि लांबून नुसता तांबडा ठिपका दिसतो, त्यामुळं या वर्षी तरी मरूनच.